उशिरा आलेल्यांची सनद

अहमदनगर शहरातून मनमाडच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले की सावेडीचा विस्तार लागतो. एके काळचे हे गाव आता महानगरपालिकेच्या हद्दीतील मोठे उपनगर झाले आहे. शिक्षक, बँकांतील कारकून, सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त झालेले कर्मचारी आणि पलीकडच्या नागापूर औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारे कामगार अशी येथील वस्ती. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. लोकांच्या तोंडी मात्र अद्याप 'नगर'च आहे. अशा वस्तीतील चाळिशी ओलांडलेला कामगार किंवा मुले हाताशी आलेली एखादी गृहिणी 'मला वकील व्हायचे आहे' असे म्हणाली, तर घरच्यांची पहिली प्रतिक्रिया बहुधा हसण्याची असते. दुसरी 'आता या वयात?' या प्रश्नाची. माणसाचा निश्चय पक्का असला तर या दोन्ही प्रतिक्रिया तो पचवू शकतो. परंतु त्यापुढे त्याची गाठ नियमांशी पडते, आणि ती बाब हसण्यावारी नेण्यासारखी नाही. वकिलीचा व्यवसाय कोणासाठी खुला असावा, या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशात गेली तीस-पस्तीस वर्षे पुन्हा पुन्हा वयाच्या, पैशाच्या आणि वेळेच्या भाषेत देण्याचा प्रयत्न झाला आहे. त्याचा जाब विचारणे आवश्यक आहे.

सावेडीवरून जाणारा हाच रस्ता पुढे राहुरी ओलांडून कोल्हारला पोहोचतो. या कोल्हार गावी २४ नोव्हेंबर १९३३ रोजी गोविंद पानसरे यांचा जन्म झाला. घरची जमीन सावकाराच्या घशात गेलेली, आई शेतमजुरी करणारी. शाळा कोल्हार आणि राहुरी येथे झाली आणि उच्च शिक्षणासाठी हा तरुण कोल्हापूरला गेला. तेथे त्याने वृत्तपत्रे विकली, नगरपालिकेत शिपायाची नोकरी केली, पुढे प्राथमिक शाळेत शिक्षकी केली. राजाराम महाविद्यालयातून पदवी आणि शहाजी विधी महाविद्यालयातून कायद्याची पदवी हे सारे या धडपडीत पदरात पाडून घेतले. १९६४ मध्ये पानसरे वकिली करू लागले तेव्हा त्यांनी तिशी गाठलेली होती. सुखवस्तू घरातील मुलगा ज्या वयात वकिलीत स्थिरावलेला असतो, त्या वयात हा मनुष्य न्यायालयाच्या आवारात पहिले पाऊल टाकत होता. पुढे कामगार कायद्याच्या क्षेत्रात त्यांनी दीर्घकाळ जे काम केले, त्याची साक्ष कोल्हापूरचे श्रमिक आजही देतात. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि चार दिवसांनी त्यांचे निधन झाले. त्यांचा पक्ष आणि समाजवादी चळवळ यांच्यात मतभेद पुष्कळ होते, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातील एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. शिपाई म्हणून हुकूम ऐकण्याचा अनुभव त्यांना वकिलीच्या आधी आला होता. कामगाराला नोटीस मिळते म्हणजे त्याच्या घरात काय होते, हे त्यांना कायद्याच्या पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

उशीर कशामुळे होतो, हे आधी नीट पाहिले पाहिजे. आळसामुळे उशीर करणारे लोक वकिलीच्या वाटेला सहसा जात नाहीत. उशीर होतो तो दारिद्र्यामुळे, जातीमुळे, स्त्री म्हणून जन्मल्यामुळे. या तिन्ही कारणांचा इतिहास आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवरच वाचता येतो.

नाशिक येथे १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचे उदाहरण घ्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्या पहिल्या वर्गात पदवीधर झाल्या. इतक्या गुणवान विद्यार्थ्याला विलायतेतील शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळावयाची. ती त्यांना नाकारण्यात आली, कारण त्या स्त्री होत्या. मग अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी शिकविले आणि विलायतेतील काही हितचिंतकांनी जमविलेल्या पैशांवर १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या, परंतु ऑक्सफर्ड त्या काळी स्त्रियांना पदवी देत नसे. ती देण्यास विद्यापीठाने आरंभ केला तो १९२० मध्ये, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनंतर. दरम्यान परत येऊन त्यांनी १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. ची परीक्षा दिली, त्यानंतर अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही दिली. परीक्षा देता येत होती. न्यायालयात उभे राहता येत नव्हते. १९०४ पासून बंगाल सरकारच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या सल्लागार म्हणून त्यांनी पडद्यातील विधवांची आणि अनाथ मुलांची मालमत्तेची प्रकरणे हाताळली. कायद्याचे काम वकिलाचे, हुद्दा मात्र सहायक कर्मचाऱ्याचा! अखेर १९२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना वकील म्हणून नोंदवून घेतले. त्या वेळी त्या चोपन्न वर्षांच्या होत्या. स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा १९२३ मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी त्या कलकत्त्यात वकिली करू लागल्या. तेथेही न्यायाधीशांपुढे युक्तिवाद करण्यापेक्षा लेखी मत देण्याचेच काम त्यांच्या वाट्याला अधिक आले.

सोराबजी यांच्या राजकारणाशी आमचे कधीही जमले नसते. ब्रिटिश सत्तेच्या त्या समर्थक होत्या आणि गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. तरीही त्यांचे चरित्र येथे आवर्जून सांगितले पाहिजे, कारण 'चोपन्नाव्या वर्षी सनद घेऊन काय करायचे?' असे विचारणाऱ्याने आधी विसाव्या वर्षापासून चोपन्नाव्या वर्षापर्यंत दार कोणी बंद ठेवले होते याचे उत्तर दिले पाहिजे. दार बंद ठेवणाऱ्यांनीच पुढे उशिराचा ठपका ठेवावा, ही रीत आजही बदललेली नाही. लग्न, बाळंतपणे, सासूसासऱ्यांची शुश्रूषा यांतून मोकळी झालेली स्त्री चाळिसाव्या वर्षी विधी महाविद्यालयात जाते तेव्हा ती वीस वर्षे वाया घालवून आलेली नसते. ती वीस वर्षे कोणाच्या तरी उपयोगी पडलेली असतात, एवढेच की त्यांची नोंद कुठल्या हजेरीपटावर नसते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा वकिलीचा मार्गही सरळ नव्हता. १९१६ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. सिडनॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसा साठविला, शाहू महाराजांचे साहाय्य झाले, मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. बॅरिस्टर झाले तेव्हा तिशी उलटली होती. आणि एवढे करून १९२३ मध्ये मुंबईस परतल्यावर वकिलीच्या सनदेसाठी भरावयाचे पैसे त्यांच्यापाशी नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने ती अडचण दूर केली. सनद मिळाली तरी अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम देण्यास सॉलिसिटर धजेनात, ही कथा निराळी. ज्या मनुष्याने पुढे देशाची राज्यघटना घडविली, त्याची वकिली सनदेच्या शुल्कापाशी अडली होती, ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत आहोत. ती केवळ जुनी आठवण राहिलेली नाही.

वकील कायदा १९६१ चा. त्यातील चोविसाव्या कलमाने नोंदणीचे शुल्क ठरवून दिले आहे : राज्य बार कौन्सिलला ६०० रुपये आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाला १५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी दोन्ही मिळून १२५ रुपये. कायदा इतका स्पष्ट असताना देशभरातील बार कौन्सिलांनी निरनिराळ्या निधींच्या नावांखाली पंधरा हजारांपासून बेचाळीस हजारांपर्यंत रकमा घेण्याचा परिपाठ पाडला. संसदेने साडेसातशे रुपये म्हणावे आणि कायद्याचे रक्षण हाच ज्यांचा व्यवसाय त्यांच्या संस्थांनी वीस-वीस पट, पन्नास-पन्नास पट वसूल करावे, हा विनोद क्रूर आहे. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार बेकायदेशीर ठरविला. दुर्बल घटकांतून येणाऱ्यांवर या रकमांचा बोजा अधिक पडतो आणि त्यांच्या समानतेलाच बाधा येते, हेही न्यायालयाने मान्य केले. निर्णय पुढील काळापुरता आहे. आधी दिलेले पैसे परत मिळावयाचे नाहीत. ज्यांनी ते व्याजाने काढून भरले त्यांच्या कर्जाचा हिशोब कोणी करणार नाही.

पैशाचा अडसर असा एका निर्णयाने पुष्कळसा दूर झाला. वयाचा अडसर दूर होण्यास मात्र दोनदा झगडावे लागले. १९९३ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने नियम केला की पंचेचाळीस वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीची वकील म्हणून नोंदणी करावयाची नाही. समर्थन असे की सरकारी व निमसरकारी नोकऱ्यांतून निवृत्त झालेले लोक या व्यवसायात येतात, जुन्या ओळखीपाळखींचा वापर करून खटले मिळवितात, व्यवसायाला काळिमा लावतात आणि तरुण वकिलांची मनेही बिघडवितात. या आक्षेपात तथ्यांश मुळीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. ज्या कचेरीत आयुष्य गेले तेथे शब्द टाकून काम करून देणारा निवृत्त अधिकारी कोणत्याही तालुक्याच्या गावी दाखविता येईल. परंतु त्यासाठी पंचेचाळिशीची रेघ कशासाठी? सरकारी नोकर निवृत्त होतो अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी. आणि या नियमाने रोखले जात होते गिरणी बंद पडल्यामुळे बेकार झालेला कामगार, पतीच्या निधनानंतर शिकू लागलेली विधवा, शाळामास्तर, सारेच. १७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द ठरविला. तो करण्याचा अधिकार बार कौन्सिलला नाही, आक्षेपाच्या पुष्ट्यर्थ कोणतीही विश्वसनीय आकडेवारी पुढे आलेली नाही आणि नियम समानतेच्या तत्त्वाला सोडून आहे, असे न्यायालयाने म्हटले. शिवाय यातील विसंगती अशी की पंचविसाव्या वर्षी सनद घेऊन व्यवसाय सोडून दिलेला मनुष्य साठाव्या वर्षी परत आला असता तर या नियमाने त्याला कोणीही अडविले नसते. आक्षेप वयाला होता की आधी सनद घेऊ न शकलेल्या वर्गाला, हे यावरून उमजते.

इतके होऊनही पाहरेकऱ्याचा स्वभाव बदलला नाही. २००८ च्या नियमांत बार कौन्सिलने नोंदणीऐवजी प्रवेशाचेच दार अडविले : तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तिशीपर्यंत, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला विशीपर्यंत, मागासवर्गीयांसाठी काय ती अनुक्रमे पाच आणि दोन वर्षांची सवलत. ही अट २०१३ मध्ये मागे घेतली गेली, सप्टेंबर २०१६ च्या परिपत्रकाने पुन्हा आणली गेली आणि ३ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. या अटीने गोविंद पानसरे कदाचित कसेबसे आत आले असते. कॉर्नेलिया सोराबजी यांनी चाळिसाव्या वर्षी शिकावयाचे ठरविले असते तर त्या बाहेरच राहिल्या असत्या. विद्या कोणत्या वयापर्यंत घ्यावी हे ठरविण्याचा अधिकार व्यवसायातील आधीच्या मंडळींकडे असला म्हणजे काय घडते, ते या सात-आठ वर्षांत विद्यार्थ्यांनी भोगले.

परंतु खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो, आणि त्याची चर्चा न्यायालयांच्या निकालांत क्वचितच आढळते. समजा, वयाची अट नाही आणि सनदेला साडेसातशे रुपये लागतात. नागापूरच्या कारखान्यात पाळीवर जाणारा, सावेडीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारा पदवीधर कामगार वकील होईल काय? नगरमध्ये लाल टाकीवर विधी महाविद्यालय आहे. अंतराची अडचण नाही. अडचण घड्याळाची आहे. २००८ च्या नियमांनी अनिवासी महाविद्यालयांचे वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सात या वेळेत बांधून टाकले आणि प्रत्येक विषयाला सत्तर टक्के हजेरीची अट घातली. कारखान्याची पाळी दर आठवड्याला बदलते. कॉलेजचे वेळापत्रक बदलत नाही. एके काळी नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गांत कायदा शिकलेल्या माणसांनी महाराष्ट्राचे सार्वजनिक जीवन आणि कामगार चळवळ समृद्ध केली. त्या वर्गांत शिकविणे सुमार होते, हजेऱ्या खोट्या लागत, हेही खरे. मग शिकविणे सुधारावयाचे होते आणि हजेऱ्या तपासावयाच्या होत्या. वर्गच बंद करून टाकणे ही सुधारणा झाली नाही. त्यामुळे खोट्या हजेऱ्या दिवसाच्या वर्गांत गेल्या, इतकेच.

पदवी मिळाली असे धरून चाला. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलाला पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही. मुंबईतील एका डॉक्टरने वैद्यकी चालू ठेवून सनद मागितली तेव्हा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. वकिली हा पूर्ण लक्ष मागणारा व्यवसाय आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. तत्त्वतः आम्हांला ते मान्य आहे. आपला वकील तारखेच्या दिवशी दुसऱ्या नोकरीवर असावा असे कोणत्याही पक्षकाराला वाटणार नाही. परंतु या तत्त्वाचा अर्थ डॉक्टरसाठी एक आणि कामगारासाठी दुसरा होतो. सनद घेण्याच्या दिवशी कामगाराने पगार सोडावा आणि त्यानंतर दोन-तीन वर्षे एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या कार्यालयात तारखा लिहीत, नकला काढीत, फाइली वाहत बिनपगारी उमेदवारी करावी, असा त्याचा अर्थ आहे. पंचविशीतील अविवाहित मुलाला बाप पोसतो. चाळिशीतील बापाला कोण पोसणार? उशिरा आलेल्यांपैकी पुष्कळ जण परीक्षेत नापास होत नाहीत. ते या उमेदवारीच्या काळात गळतात, आणि त्यांच्या गळण्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही.

बार कौन्सिल ऑफ इंडियाला याची जाणीव नाही असे नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिने एक परिपत्रक काढून ज्येष्ठ वकिलांनी कनिष्ठांना शहरी भागात दरमहा किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. शिफारस म्हणजे सल्ला. सल्ला न पाळण्यास कोणतेही शुल्क लागत नाही. शिवाय न्याय्य दृष्टीने पाहता तालुक्याच्या न्यायालयातील सामान्य ज्येष्ठ वकिलाची स्वतःची प्राप्ती तरी किती असते? त्याने आपल्या खिशातून दरमहा पंधरा हजार द्यावेत ही अपेक्षा दिल्लीत बसून करणे सोपे आहे. हा भार एकट्या व्यक्तीवर न टाकता शासनाने आणि व्यवसायाच्या संस्थांनी उचलावा, हाच व्यवहार्य मार्ग होय. आंध्र प्रदेश सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये नवोदित वकिलांना दरमहा पाच हजार रुपये देण्याची योजना सुरू केली होती. रक्कम तुटपुंजी होती, पण दिशा बरोबर होती. महाराष्ट्रासारख्या संपन्न म्हणविणाऱ्या राज्याला तेवढेही का सुचू नये?

कोणी विचारील, वकिलांची संख्या आधीच भरमसाट झाली असताना उशिरा येणाऱ्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? संख्येची तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. ती करणारे बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारात बसलेल्या पक्षकाराला कधी विचारीत नाहीत. जिल्ह्यातील दावे कशाचे असतात? सातबाऱ्यावरील नावाचे, फेरफाराच्या नोंदीचे, वहिवाटीच्या रस्त्याचे, विहिरीतील पाण्याच्या पाळीचे, भावाभावांच्या वाटणीचे, पोटगीचे, कामावरून काढून टाकल्याचे. तीस वर्षे तलाठ्याच्या किंवा सर्कलच्या दप्तरात काम केलेला मनुष्य फेरफाराची नोंद कुठे आणि का बिघडते हे जितके जाणतो, तितके नुकताच पदवीधर झालेला वकील जाणू शकत नाही. हजेरीपटावर सही न घेता कंत्राटदार कामगार कसे राबवितो, हे पाळीवर राबलेल्याला ठाऊक असते. पोटगीसाठी आलेली बाई जे बोलत नाही, ते ऐकू येण्यास कायद्याच्या ज्ञानाखेरीज आणखी काही लागते. अनुभव म्हणजे विद्वत्ता नव्हे, हे आम्ही जाणतो. पुराव्याचा कायदा विसाव्या वर्षी शिकणाऱ्याला आणि पन्नासाव्या वर्षी शिकणाऱ्याला सारखाच शिकावा लागतो, आणि पन्नाशीतल्या स्मरणशक्तीला तो अधिक जड जातो. म्हणून परीक्षेत सवलत द्या असे आम्ही म्हणत नाही. अखिल भारतीय बार परीक्षा सर्वांना सारखी असावी. परीक्षेपर्यंत पोहोचण्याची आणि परीक्षेनंतर तगून राहण्याची संधी मात्र सर्वांना सारखी नाही, आणि तेवढीच आमची तक्रार आहे.

मोफत कायदेविषयक साहाय्याचा कायदा १९८७ चा आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यांत विधी सेवा प्राधिकरणे आहेत. त्यांच्या यादीत वकील म्हणून येण्यास साधारणतः तीन वर्षांच्या व्यवसायाची अपेक्षा असते. पक्षकाराच्या हिताच्या दृष्टीने ती योग्यच. परंतु याच प्राधिकरणांना अशा नवोदितांना पहिल्या तीन वर्षांत मानधनावर साहाय्यक म्हणून घेता येईल : तुरुंगातील कच्च्या कैद्यांचे अर्ज लिहिणे, वृद्धांच्या आणि विधवांच्या प्रकरणांची कागदपत्रे जमविणे, लोकअदालतीची तयारी करणे. ही कामे आज पडून असतात किंवा उरकली जातात. अनुभवी, प्रौढ आणि शिकाऊ अशा तिन्ही विशेषणांना पात्र असलेला मनुष्य याहून उपयुक्त ठिकाणी बसविता येणार नाही.

तेव्हा महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल आणि राज्य शासन यांच्याकडे आमच्या मागण्या स्वच्छ आहेत. औद्योगिक वसाहती असलेल्या प्रत्येक जिल्ह्यात निदान एका विधी महाविद्यालयाला संध्याकाळी सातनंतर वर्ग घेण्याची परवानगी मिळावी यासाठी राज्य कौन्सिलने बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आग्रह धरावा, आणि त्या वर्गांची तपासणी दिवसाच्या वर्गांइतकीच कडक असावी. नवोदित वकिलांच्या विद्यावेतनाची तरतूद राज्याच्या अर्थसंकल्पात व्हावी आणि तिला कोणतीही वरची वयोमर्यादा असू नये. ३० जुलै २०२४ च्या निर्णयानंतर नोंदणीच्या वेळी कोणत्याही निराळ्या नावाने अधिक रक्कम घेतली जात असल्यास ती तत्काळ थांबवावी, आणि नोंदणीसाठी नेमके किती पैसे द्यावयाचे ते प्रत्येक जिल्हा बार असोसिएशनच्या सूचनाफलकावर मराठीत लावावे. शेवटच्या मागणीला तर अर्थसंकल्पाचीही वाट पाहावी लागत नाही. एक कागद आणि चार टाचण्या पुरतात.